ठिणगी का पडत नाही?

बोटीच्या मागे लावलेले जुने इंजिन भर पाण्यात बंद पडले. टाकीत पेट्रोल आहे, दोरी ओढून हात दुखले, पण ठिणगी पडत नाही. जाणता कारागीर अशा वेळी फ्लायव्हीलखालचे 'पॉइंट' आधी तपासतो. का बरे?

१८३१ साली फॅरेडेने दाखवले की, वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलले की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. बदल जितका जलद, तितका दाब अधिक. म्हणून वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडण्याची युक्ती निघाली. परंतु तोडतेवेळी स्पर्शबिंदूंमध्येच ठिणगी पडे आणि प्रवाह रेंगाळे. १८५३ मध्ये फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने तेथे कंडेन्सर जोडून ही अडचण कमी केली. १९०२ मध्ये बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड यांनी उच्चदाबाचा मॅग्नेटो बनवला. मॅग्नेटोच वीज देऊ लागल्याने बॅटरीची गरज उरली नाही. इव्हिन्रूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत बोटीची इंजिने विकण्यास सुरुवात केली. अशा इंजिनांत मॅग्नेटो पुढे फ्लायव्हीलमध्येच बसवला गेला.

आता कारागिराचा क्रम उलगडतो. पॉइंटवर ऑक्साइडचा थर असेल, तर प्रवाह वाहतच नाही; मग तोडायचे काय? कंडेन्सर बिघडला, तर प्रवाह झटकन तुटत नाही. आणि प्लग बाहेर काढून ठिणगी दिसली, तरी निर्धास्त होऊ नये. सिलिंडरमधील दाबलेल्या वायूत ठिणगी पडण्यास अधिक विद्युतदाब लागतो.

दुरुस्ती म्हणजे फॅरेडेचा नियम कोठे अडला, हे शोधणेच होय.