दप्तरातले नाव

उंब्रज हे कराड तालुक्यातले कृष्णाकाठचे गाव. तारळी इथेच कृष्णेला मिळते आणि पुणे-बंगळूर रस्ता गावाला खेटून जातो. या गावातल्या आमच्या एका चाचांच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, निकाहनामे आणि जुनी रेशनकार्डे यांच्याबरोबर दोन कागद ठेवलेले आहेत. दोन्ही अटकेसंबंधीचे. पहिला कागद मिळावा म्हणून चाचांनी कित्येक वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. दुसरा कागद ज्या अटकेविषयी आहे तिची नोंद पुसली जावी म्हणून त्यांचा नातू आज उंबरे झिजवतो आहे. आजोबांना आपली अटक शाबीत करायची होती आणि नातवाला ती मिटवायची आहे. एका घरातल्या या दोन खटपटींमागे आपल्या जिल्ह्याचा बराच इतिहास दडलेला आहे, म्हणून हा लेख.

बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला होता. २४ ऑगस्ट १९४२ रोजी कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला, ३ सप्टेंबरला तासगावच्या. ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण हुतात्मा झाले आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला दोघे. पुढे नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीला गाडी लुटली गेली आणि २४ जुलैला वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. या काळात धरपकड किती झाली याची कल्पना त्या वेळची माणसे भेटली की येत असे. कुणी येरवड्याला होता, कुणी विसापूरला. कुणावर वॉरंट निघाले होते, कुणाला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले होते.

सरकारी दप्तरात ही सगळी माणसे गुन्हेगार होती. दरोडा, जाळपोळ, दंगल, सरकारी कामात अडथळा अशाच कलमांखाली त्यांची नावे लिहिली गेली. सोलापूरचे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले, तेही पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून. कोर्टाच्या कागदावर ते खुनी होते. आज सोलापुरात त्या चौघांच्या नावाने चौक आहे. लोकांच्या मनाने त्यांचा निकाल वेगळा दिला आणि सत्ता बदलल्यावर सरकारनेही तो मानला. कागद मात्र तोच राहिला, फक्त त्याचा अर्थ उलटला.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. १९८० मध्ये उत्पन्नाची अट निघाली आणि योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला. अट साधी होती. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास झालेला असावा, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांचा. जो भूमिगत होता त्याने आपण फरारी घोषित होतो, आपल्यावर बक्षीस होते किंवा आपल्या स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही तो बजावता आला नव्हता, हे दाखवावे. म्हणजे ज्या नोंदीमुळे एके काळी घरावर जप्ती आली, तीच आता शोधून आणायची होती.

शोध सोपा नव्हता. आमचे चाचा भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. खटलाच चालला नव्हता, त्यामुळे कोर्टाचे निकालपत्र नाही. पुरावा असेल तर तुरुंगाच्या रजिस्टरात. इतरांच्या अडचणी आणखी निराळ्या. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. वाळव्याच्या माणसाला सांगलीत विचारले की साताऱ्याला जा म्हणत, साताऱ्यात विचारले की कागद सांगलीला गेले म्हणत. कुंडल तर औंध संस्थानात होते, तिथले दप्तर वेगळेच. जुने कागद कुठे वाळवीने खाल्लेले, कुठे मुदत संपली म्हणून जाळलेले.

दप्तर सापडत नाही असा सरकारचाच दाखला मिळाला तर ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकांचे किंवा बरोबरच्या कैद्यांचे प्रमाणपत्र चालत असे. त्या वाटेने काही खोटी माणसेही आत शिरली. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जी अटक कधी झालीच नाही तिचे कागद लोकांनी पैदा केले! अटकेचा कागद इतका मोलाचा होईल असे १९४२ सालच्या फौजदाराला स्वप्नातही वाटले नसेल.

चाचांना अखेर येरवड्याचा दाखला मिळाला. त्यांनी तो वाचून घेतला, डोळ्यांना लावला आणि पेटीत ठेवला. पैशापेक्षा आपण खोटे बोलत नव्हतो हे सरकारनेच लिहून दिले, याचा त्यांना आनंद होता.

आता नातवाची गोष्ट. एका उरुसात दोन गटांत मारामारी झाली. त्या रात्री हा मुलगा गावातच नव्हता, तरी फिर्यादीत नाव आले. अटक झाली, बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी झाली तेव्हा अहवालात एक ओळ आली: 'यापूर्वी गुन्हा दाखल होता.' निर्दोष सुटल्याचा उल्लेख तिथे नव्हता. नोकरी गेली. पेटीतला दुसरा कागद म्हणजे त्याच्या निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल.

ठसे घेण्याचे हे शास्त्र भारतातच वाढले. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी करण्याचे गणित बसवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता, पण पद्धतीला नाव मिळाले त्यांचे वरिष्ठ हेन्री यांचे. पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ठसे आणि हजेरी जन्माशी जोडली. माणसाने काही केलेले असो वा नसो, जमात यादीत आली की त्याचे नाव रजिस्टरात. साताऱ्याकडचे रामोशी बांधव या जाचातून गेले. आपल्यातले छप्परबंदही गेले. फकिराच्या वेशात फिरून खोटी नाणी खपवणारे लोक असे त्यांचे वर्णन १९०८ मध्ये केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने आपल्या पुस्तकात केले, आणि एका अख्ख्या समाजाची ओळख तेवढ्यावर ठरली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. छप्परबंद आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि रजिस्टर मिटले तरी पोलिसी नजर मिटली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या रजिस्टरातून जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. म्हणजे तोवर तो होता!

आश्चर्य म्हणजे इंग्रजांच्याच १९२० च्या कैदी ओळख कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, तर त्याची मापे आणि फोटो नष्ट करावेत किंवा त्याच्या हवाली करावेत, असे सातवे कलम सांगत होते. न्यायालयाने किंवा जिल्हाधिकाऱ्याने वेगळा हुकूम दिला तरच अपवाद. हे कलम शंभर वर्षे कायद्यात होते, पण त्याखाली आपला फोटो परत मागायला गेलेला माणूस आमच्या पाहण्यात नाही. ते आहे हेच कुणाला माहीत नव्हते.

४ ऑगस्ट २०२२ पासून त्या जागी नवा कायदा आला. आता ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळे, सही आणि अक्षरही घेता येते. ही माहिती ७५ वर्षे जपली जाते, म्हणजे माणसाच्या आयुष्याइतकी. निर्दोष सुटलेल्यासाठी नष्ट करण्याची तरतूद यातही आहे, पण अपिलाच्या सगळ्या वाटा संपल्यावर. त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे मागणी करावी लागते. आणि ही तरतूद मापांपुरतीच आहे. फिर्याद, स्टेशन डायरी, संगणकात चढलेले नाव यांना ती लागू होत नाही. २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप पोलीस ठाण्यात व जिल्ह्याच्या ठिकाणी ठळकपणे लावायला सांगितले आहे. यामागचा हेतू चांगला आहे. माणूस कुठे नेला हे घरच्यांना कळावे, अटक लपवली जाऊ नये. ज्यांच्या घरची माणसे रात्री उचलून नेली गेली, त्यांना याची किंमत ठाऊक आहे. पण लावलेले नाव केव्हा उतरवायचे, हे कुणी सांगितलेले नाही.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत निर्दोष सुटलेल्याला अर्ज करून अटकेची नोंद मोहोरबंद करून घेता येते. आपल्याकडे असा सर्वांसाठीचा कायदा नाही. अल्पवयीन मुलांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात नोंदी नष्ट करण्याचे कलम आहे, तेही काही गंभीर गुन्हे वगळून. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची हिस्ट्रीशीट हा खात्याच्या आतला कागद आहे, तो चव्हाट्यावर आणू नये, आणि केवळ जात वा समाज पाहून त्यात नावे चढणार नाहीत याकडे राज्यांनी लक्ष द्यावे, असे बजावले. हे आपल्या कामाचे आहे. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी झालेल्या स्फोटांनंतर पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांना २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. त्यांतला एक तो दिवस पाहायला उरला नव्हता. उरलेल्यांची दहा वर्षे कुणी परत देऊ शकणार नाही. निदान कागदावरचे नाव तरी धुतले जायला हवे होते, त्याची आपोआप चालणारी सोय कुठेच नव्हती.

म्हणून आमचे सांगणे दोन बाजूंनी आहे. जुने कागद जपा. बेचाळीसच्या कैद्यांचे दाखले, वॉरंटे, गुन्हेगार जमातींची हजेरीपत्रके यांतले काहीही जाळू नका, कारण उद्या आपला इतिहास लिहायला तेच लागतील. पण जिवंत, निर्दोष माणसाच्या मागे लागलेली नोंद बंद करण्याचा हक्क कायद्यात यायला हवा. अभ्यासकासाठी दप्तरात राहावी, नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर येऊ नये. तोवर प्रत्येक घराने एवढे तरी करावे: सुटकेच्या निकालाची प्रमाणित नक्कल घ्यावी, अपिलाची मुदत संपली की मापे नष्ट करण्याची लेखी मागणी करून पोच घ्यावी, आणि पडताळणीच्या फॉर्मवर खटला लपवू नये. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते असे सांगितले आहे. खरे लिहावे आणि सोबत निकालाची नक्कल जोडावी.

नातवाने नुकताच असा अर्ज दिला. पोच घेऊन तो घरी आला आणि त्याने ती पेटीत ठेवली, आजोबांच्या येरवड्याच्या दाखल्याखाली.