नाव नसलेल्या दुखण्याचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानाला आपण येता ते बहुधा राजांच्या आणि लढायांच्या हकिकती ऐकायला. मीही आज एका राजाच्या नातवाचीच हकिकत सांगणार आहे. परंतु त्याला लढावे लागले ते स्वतःच्याच शरीराशी. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे १७९४ साली जन्मला. आईबापांचे लग्न राजाच्या अनुमतीवाचून झालेले, म्हणून ते रद्द ठरले आणि मुलगा राजकुलाच्या उंबरठ्याबाहेर राहिला. त्याने मागे ठेवली ती एक रोजनिशी. वैद्यकाच्या इतिहासात तिला एखाद्या बखरीचे मोल आहे.

डिसेंबर १८२२ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो एका आप्ताला भेटायला स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात गेला. या आप्तावर त्याची पुत्रवत् माया होती. पोहोचतो तो आप्त वारलेला. अंत्यविधीच्या वेळी चारचौघांत रडू आवरण्याचा त्याने आटोकाट प्रयत्न केला. ते आवरले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची दृष्टी इतकी अंधुक झाली की, आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. पुढे तो आयर्लंडला गेला आणि काहीही औषधोपचार न करता डोळे पूर्ववत झाले. आपण त्याच्या जागी असतो तर काय म्हटले असते? दुःखाचा धक्का बसला, ओसरला, संपले!

पण संपले नव्हते. १८२७ साली फ्लॉरेन्स शहरी त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. डॉक्टरांनी पित्ताला दोष दिला. कानशिलांना जळवा लावल्या, रेच दिले, दोनदा रक्त काढले. डोळे सुधारले, तो पायांतले बळ गेले. मग शक्ती यावी म्हणून दिवसातून दोनदा मांसाहार आणि मद्य सुरू झाले. खनिज झऱ्यांची स्नाने झाली, विजेचा प्रयोग झाला. दुखणे कधी माघार घेई, कधी नवे ठाणे जिंकी. आणि प्रत्येक माघारीत हरवलेले सगळेच परत मिळे असे नाही. वीस वर्षांहून अधिक काळ हा गृहस्थ हे सारे टिपत राहिला. १८४८ साली तो वारला, तेव्हाही आपल्याला काय झाले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ही रोजनिशी विसाव्या शतकात उजेडात आली; तिच्यातले दुखणे मल्टिपल स्क्लेरोसिसचेच असावे, असे आजचे तज्ज्ञ मानतात.

योगायोग पाहा. डेस्टे आपली लक्षणे लिहीत होता त्याच काळात, १८३८ साली, रॉबर्ट कार्सवेल या शरीरविकृतिशास्त्रज्ञाने एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात पॅरिसमध्ये पाहिलेल्या मृतांच्या मज्जारज्जूवरचे चमत्कारिक डाग रंगवलेले होते. मात्र त्या रोग्यांना त्याने जिवंतपणी पाहिलेच नव्हते. एकाजवळ व्यथा होती, तिचे कारण नव्हते. दुसऱ्याजवळ खूण होती, तिची व्यथा नव्हती.

ही दोन टोके पक्की जोडली ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात, झाँ-मार्तँ चार्को या वैद्याने. ते रुग्णालय म्हणजे हजारो निराधार स्त्रियांचा आसरा. चार्को जिवंत रोग्याचा कंप, अडखळती वाणी आणि डोळ्यांची हालचाल न्याहाळी, आणि मृत्यूनंतर तोच मेंदू तपाशी. त्याच्या घरच्या मोलकरणीची गोष्ट त्याचा शिष्य फ्रॉइड याने नमूद केली आहे. हात थरथरत म्हणून तिला कोणी कामावर ठेवीना. चार्कोने ठेवले, तिने बशा फोडल्या, त्याने सोसल्या. ती वारल्यावर तिच्या रोगाचे खरे रूप उलगडले. तो हाच रोग होता. १८६८ साली चार्कोने त्याचे साद्यंत वर्णन करून त्याला नाव दिले. कठीण झालेल्या चट्ट्यांचा रोग, असा त्या नावाचा अर्थ.

हे चट्टे कसले? विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टण असते, तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच भ्रमाने त्यावर चालून जाते. वेष्टण झडले की मेंदूचा निरोप वाटेत मंदावतो किंवा हरवतो. कोठले वेष्टण झडले त्यावर डोळा जाईल की पाय, हे ठरते. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो, पुरुषांहून स्त्रियांना अधिक, आणि तो संसर्गजन्य नाही.

नाव मिळाले तरी उपाय मिळेना. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हिया लॉरी या तरुणीने वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली. तिच्या भावाला हा रोग होता. यातून बरा झालेला कोणी असल्यास कळवावे, एवढीच विनंती. पन्नासाहून अधिक उत्तरे आली. परंतु पत्रे लिहिणारेही तिच्यासारखेच उपाय शोधणारे होते! त्यांनाच एकत्र करून तिने पुढल्या वर्षी संस्था उभारली. आपल्याकडे हा रोग जवळजवळ नाहीच, असा समज पुष्कळ काळ होता. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० साली पारशी समाजात तो चांगलाच आढळतो, हे दाखवून दिले. आपल्या देशातील रुग्णांची संस्था १९८५ साली मुंबईतच निघाली, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात या रोगाचे नाव समाविष्ट झाले.

१९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन या पहिल्या खास औषधाला मान्यता मिळाली. आज अशी अनेक औषधे आहेत. ती रोग नाहीसा करीत नाहीत. पण त्याचे हल्ले कमी करतात, म्हणून निदान वेळेवर होणे महत्त्वाचे.

तरीही या रोगाचा मोठा भाग दिसत नाही. श्रमाने नजर तात्पुरती मंदावते, हे ऊटहॉफ या जर्मन वैद्याने १८९० च्या सुमारासच हेरले होते; उष्णतेनेही लक्षणे अशीच तात्पुरती वाढतात. आपल्या वैशाखात हे रोगी कसे दिवस काढीत असतील! सकाळी जिना चढलेली सून दुपारी उठू शकत नाही, आणि घर म्हणते, 'काल तर बरी होतीस!' डेस्टेची हकिकत ठाऊक असलेला माणूस असे म्हणणार नाही. काल बरे असणे आणि आज नसणे, हेच या रोगाचे रूप आहे.

डेस्टेच्या वैद्यांजवळ ना नाव होते ना औषध. परंतु दृष्टी गेली त्या दिवसांत त्याची पत्रे वाचून दाखवणारे आणि उत्तरे लिहून देणारे कोणी तरी होते. आज नाव आहे, औषधही आहे. ते पत्र वाचणारे माणूस मात्र अजूनही घरातच शोधावे लागते.