एका वारशाचे विद्यापीठ

सुलतान महंमद तुघलकाचा बीड मुक्कामी पडलेला दात त्याने समारंभपूर्वक पुरून त्यावर घुमट उभारविल्याची हकीकत इतिहासकार फेरिश्त्याने नमूद केली आहे. त्याच सुलतानाच्या दिल्लीत काझीपद भूषविलेला इब्न बतूता दौलताबाद व नंदुरबार पाहून यथावकाश स्वदेशी मोरोक्कोस परतला, आणि त्याचा प्रवासवृत्तांत १३५५ साली ज्या फेस नगरात लिहून पूर्ण झाला, त्या नगराचे मुख्य विद्यापीठ, अल्-करवीन, तेव्हाच पाच शतकांचे पुरातन होते. या विद्यापीठाचे मूळ एका कन्येच्या वारशात आहे.

फातिमा अल्-फिहरी ही ट्युनिसियातील कैरवान नगरातून फेसला येऊन स्थायिक झालेल्या एका व्यापाऱ्याची मुलगी. पित्याच्या पश्चात द्रव्य दोघी बहिणींच्या हाती आले, तेव्हा मरियमने अंदलुसी मशीद बांधली आणि फातिमेने इ. स. ८५९ मध्ये अल्-करवीनचा पाया घातला. माती-दगड त्याच जागेतून काढावेत असा दंडक तिने घातला आणि बांधकाम पुरे होईतो रोजे धरले, असे चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न अबी झर सांगतो. तेथील एका कोरीव लेखात ८७७ साल आणि इद्रिसी घराण्यातील दाऊदाचे नाव आढळल्याने काही संशोधक या कथेविषयी साशंक आहेत. परंतु पाच शतके लोटल्यावरही एवढ्या मोठ्या संस्थेचे श्रेय लोकस्मृतीने निःसंकोचपणे एका स्त्रीला दिले, हे मला अर्थपूर्ण वाटते.

त्या निःसंकोचतेचे कारण धर्मशास्त्रात सापडते. इस्लामी वारसा-कायद्याने मुलीचा हिस्सा, भावाच्या निम्मा का होईना, निश्चित केला आणि विवाहानंतरही तिच्या मालमत्तेवर तिचाच अखत्यार राहू दिला. वक्फाने त्या मालमत्तेला चिरस्थायित्व दिले, कारण वक्फ झालेली मिळकत विकता येत नाही, दान देता येत नाही, वारसांत वाटलीही जात नाही, आणि तिचे उत्पन्न नेमल्या कामीच लागते. अशाच उत्पन्नावर अल्-करवीनचे अध्यापक पोसले गेले. खांबांच्या आश्रयाने बसणाऱ्या अध्ययनमंडळांतून शिष्य गुरूकडून अध्यापनाची इजाजत मिळवीत, आणि इब्न खल्दूनने आपल्या इतिहासग्रंथाची प्रत १३९६ साली याच विद्यापीठाच्या ग्रंथालयास अर्पण केली.

हीच रीत हिंदुस्थानातही रुजली. अकबराची दाई माहम अनगा हिने १५६१ मध्ये दिल्लीत मदरशासह मशीद बांधली. आमच्या परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाईंचा दानधर्मही खासगीच्या द्रव्यातून चाले. धर्म भिन्न, परंतु दातृत्वाची पूर्वअट एकच: द्रव्य स्त्रीच्या स्वतःच्या स्वाधीन असावे.

म्हणूनच आमच्या मुलखात बहिणीने माहेरच्या जमिनीवर हक्कसोडपत्र करून देणे हे आजही मायेचे लक्षण मानले जाते, याचा मला विषाद वाटतो. कायद्याने दिलेला हिस्सा तिच्या हाती राहील, तर त्यातून एखादी बहीण गावात ग्रंथालय उभारील, एखादी मुलींसाठी वसतिगृह बांधील. तिच्या सहीनिशी केवळ काही गुंठे जमीन जात नाही, तिची दात्री होण्याची पात्रताच जाते.