ठासणीच्या बंदुकीच्या नळींतील पीळ

जुनी ठासणीची बंदूक संग्रहांत आली म्हणजे नळीची लांबी व तोंडाचा व्यास हीं दोन मापें प्रथम टिपलीं जातात, आणि व्यासावरून तिचा काळ व घराणें ठरविण्याचा मोह पुष्कळांस होतो. आंत पिळाच्या खाचा असलेल्या नळीच्या बाबतींत हा मोह घातक आहे, असें आमचें मत झालें आहे. अशा नळीचा व्यास हा भरंवशाचा साक्षीदार नव्हे. खाचांचा पीळ हाच तिच्यावरील जुना लेख होय. असें कां, हें कळण्यास त्या खाचा हातानें कशा पाडीत तें पाहिलें पाहिजे.

ही विद्या सोळाव्या शतकांत जर्मन प्रदेशांत रुळली. अठराव्या शतकांत तिकडील कारागीर पेनसिल्व्हेनियांत जाऊन वसले आणि लँकेस्टरच्या आसपास तिची मोठी पेठ झाली. पुढें यंत्रांनीं हातकाम मागें टाकलें. तथापि व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें वॉलेस गस्लर यांनीं जुन्याच हत्यारांनीं बंदूक घडवून दाखविली, व त्या कामाचा १९६९ सालचा चित्रपट उपलब्ध असल्यानें ही कृति आजही डोळ्यांनीं पाहतां येते.

लोखंडाची जाड पट्टी तापवून सळईभोंवतीं वळवावयाची व कडा घणानें सांधावयाच्या, हा नळीचा जन्म. मग एकामागून एक मोठीं पातीं फिरवून पोकळी साफ व गोल करीत, आणि आंतून ताणलेल्या दोऱ्याशीं ताडून नळी सरळ करीत. खाचांचें काम यानंतरचें. त्याचा आत्मा म्हणजे एक लांकडी दंडगोल. त्याच्या अंगावर मळसूत्रासारख्या लांब खाचा कोरलेल्या असतात, व बांकावर घट्ट बसविलेल्या चौकटीचे दांते त्यांत अडकतात. दंडगोल ओढला कीं तो आपोआप ठराविक मानानें फिरतो. त्याच्या पुढें जोडलेल्या गजांत करवतीसारख्या दांत्यांचें लहानसें पोलादी पातें बसविलेलें असतें. तें नळींतून ओढलें जातांना लोखंडाचा केंसाएवढा कीस काढतें. एक खाच झाली कीं दंडगोल एक घर सरकवून दुसरी, असा सर्व खाचांचा फेरा पुरा करावयाचा. मग पात्याखालीं कागदाची पट्टी घालून तें किंचित् उचलावयाचें आणि पुन्हा पहिलीपासून आरंभ. खाचा बहुधा सात. असें शेंकडों वेळां ओढावें तेव्हां कोठें पुरेशी खोली येते. शेवटीं नळींतच ओतलेल्या शिशाच्या गोळ्याला तेल व कुरुंदाची पूड लावून आंतील भाग घांसून काढीत.

येथें लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, पीळ हा कारागिराच्या हातांत नसून दंडगोलांत आहे. एक दंडगोल अनेक वर्षें चाले, आणि नवा करावयाचा तो बहुधा जुन्याबरहुकूम किंवा एखाद्या चांगल्या नळीवरून. बखरीची नक्कल होतांना कागद व वळण बदलतें, पण मूळ प्रतीचा पाठ उतरत जातो. तसाच हा प्रकार आहे.

व्यासाचें तसें नाहीं. ओतीव पोलादापूर्वीचें तें लोखंड मऊ. दारूच्या राखेनें तें गंजे, गजाच्या घर्षणानें झिजे. नेम चुकूं लागला कीं धनी बंदूक घेऊन कारागिराकडे जाई. कारागीर गजाच्या टोंकावर नळींतच शिसें ओती; त्यावर जुन्या खाचांचा ठसा उमटे; त्या शिशांत पातें बसवून तो जुन्याच खाचा खोल करी व मधल्या उंचवट्यांचाही कीस काढी. दंडगोलाची गरजच नाहीं. जुना पीळ स्वतःच वाटाड्या होई. परिणाम असा कीं, पीळ जसाच्या तसा राहिला आणि व्यास वाढला. एकाच नळीचा हा संस्कार दोनतीनदांही होई.

म्हणूनच बंदुकीबरोबर आलेला गोळीचा सांचा नळीस लहान पडतो, एवढ्यावरून ‘हा दुसऱ्या बंदुकीचा’ म्हणून वेगळा काढणें चुकीचें आहे. गोळीभोंवतीं चरबी लावलेलें कापड गुंडाळीत, त्यामुळें थोडा फरक राहावयाचाच. फरक त्याहून बराच अधिक असेल तर तो नळी पुन्हा खोदल्याचा पुरावा असूं शकेल. आमच्या पाहण्यांतील एका विक्रेत्यानें असा सांचा याच समजुतीनें निराळा विकून टाकला. ती जोडी आतां जुळणें नाहीं.

पिळाचीं मापें बोलकीं असतात. पेनसिल्व्हेनियाच्या नळ्यांत सुमारें ४८ इंचांस एक पूर्ण वेढा हें मान फार आढळतें. इंग्लंडांत १८०० सालीं स्वीकारलेल्या बेकरच्या रायफलींत सात खाचा असून ३० इंचांच्या नळींत केवळ पाव वेढा. १८५३ च्या एनफील्डमध्यें तीन खाचा व ७८ इंचांस एक वेढा. अर्थात् ४८ इंचांचें मान इतकें सार्वत्रिक आहे कीं, त्यावरून एकट्या कारागिराचें नांव ठरविणें धाडसाचें होईल. पिळामुळें गोळी सरळ कां जाते, हें शास्त्रीय रीतीनें १७४७ सालीं मांडणारे बेंजामिन रॉबिन्स पुढें कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत आले व १७५१ सालीं फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारले, हें जातां जातां नमूद करतों.

आईन-इ-अकबरींत सोळा नळ्या एकदम साफ करणारें, जनावर जुंपून फिरविण्याचें चाक वर्णिलें आहे. त्यास खाचा पाडण्याचें यंत्र समजूं नये. केवळ गोल फिरण्यानें पोकळी गुळगुळीत होते. पिळासाठीं ओढणें व फिरणें यांचें प्रमाण एकमेकांस बांधलेलें असावें लागतें, आणि त्या वर्णनांत तसें कांहीं नाहीं.

पीळ मोजणें सोपें आहे. प्रथम गज आंत घालून त्याची खोली बाहेरून कान्यापर्यंतच्या लांबीशीं ताडावी. जुन्या नळ्या पुष्कळदां भरलेल्या सांपडतात. मग मोकळा फिरणाऱ्या गजाच्या टोंकास घट्ट कापड गुंडाळून तो तळापर्यंत न्यावा, वरच्या भागास खूण करावी, आणि सावकाश बाहेर ओढतांना किती इंचांस किती वेढा होतो तें टिपावें. खाचांची संख्या, दोन्ही टोंकांचे व्यास आणि सांच्याचा व्यास त्याच नोंदींत लिहावा. गंज काढण्याच्या नांवाखालीं नळींत कुरुंद किंवा पातें मात्र घालूं नये.