दोन सर्व्हिसिंगच्या मधे इंजिन ऑईल कमी होतंय? किती टाकायचं, कोणतं टाकायचं आणि मिस्त्रीकडे कधी जायचं

पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटर चालू आहे. ऑईल बदलायला अजून शंभर तास बाकी आहेत आणि गेज पट्टीवर ऑईल खालच्या खुणेला टेकलेलं दिसतंय. अशा वेळी काही जण 'सर्व्हिसिंगला बघू' म्हणून तसंच काम चालू ठेवतात, तर काही जण घाबरून आख्खं ऑईल बदलून टाकतात. दोन्हीची गरज नाही. कमी झालं तेवढं त्याच ग्रेडचं ऑईल टाकायचं, किती टाकलं ते लिहून ठेवायचं आणि पुन्हा किती तासांत कमी होतं त्यावर लक्ष ठेवायचं. काम एवढंच आहे. पण ते राहून गेलं तर बेअरिंग घासतं, क्रँक खराब होतो आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर गॅरेजला उभा राहतो. तेव्हा भाड्याने दुसरा ट्रॅक्टरही मिळत नाही.

ऑईल जातं कुठे?

इंजिन चांगलं असलं तरी थोडं ऑईल कमी होतंच. पिस्टन वरखाली होताना लायनरच्या भिंतीवर ऑईलचा पातळ थर लागतो, नाहीतर लोखंडावर लोखंड घासेल. पिस्टनच्या रिंगा तो थर खरवडून खाली आणतात. तरी थोडा शिल्लक राहतो आणि डिझेलबरोबर जळतो. थोडं ऑईल व्हॉल्वच्या दांडीवरून आत उतरतं, थोडं वाफ होऊन ब्रीदर पाइपातून जातं. नव्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत हे प्रमाण जरा जास्त असतं. जड काम, कडक ऊन, ऊस भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढ चढणं, यातही ते वाढतं.

'आमचा ट्रॅक्टर थेंबभर ऑईल खात नाही' असं कुणी सांगितलं की पहिली शंका ही घ्यावी की त्याने पट्टी बाहेर काढून बघितलेलीच नाही. दुसरी शंका जरा वाईट आहे, ती पुढे येईल.

किती कमी झालं तर चालतं?

आपल्या देशात ट्रॅक्टरची सरकारी चाचणी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होते. त्या चाचणीत डिझेल, ताकद, ब्रेक यांच्याबरोबर इंजिन किती ऑईल खातं हेही मोजतात. मर्यादा अशी, की ऑईलचा खप डिझेलच्या खपाच्या एक टक्क्याच्या वर जायला नको. हिशोब वजनावर असतो. १०० लिटर डिझेलचं वजन साधारण ८३ किलो. त्याचा एक टक्का म्हणजे ८३० ग्रॅम, म्हणजे ऑईल जवळपास साडेनऊशे मिली.

ही मर्यादा इंजिन पूर्ण ताकदीवर आणि भर गरमीत चालतं तेव्हाची आहे. रोजच्या कामात धडधाकट इंजिन त्याच्या बरंच खाली राहतं. समजा, तुमचा ट्रॅक्टर तासाला ४ लिटर डिझेल घेतो. म्हणजे २५ तासांत १०० लिटर झालं. दर २५ तासांना लिटरभर ऑईल टाकावं लागत असेल तर इंजिन मर्यादेच्या काठावर आलं असं समजा, हंगाम उरकला की मिस्त्रीला दाखवा. तेवढ्याच तासांत १००-२०० मिली जात असेल तर ऑईल टाकत राहा आणि काम करत राहा.

मात्र आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. गेल्या वर्षी ५० तासांना पाव लिटर लागायचं आणि यंदा एक लिटर लागतंय, तर मर्यादेच्या आत असलं तरी काहीतरी बिघडलंय. हे कळायला हिशोब लागतो. अवर मीटरचे तास आणि टाकलेलं ऑईल, हे दोन आकडे मोबाईलमध्ये नाहीतर टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतून पेनाने लिहा. ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या हातात असेल तर हे जास्तच गरजेचं. मालक डिझेलचा हिशोब रोज विचारतो, ऑईलचा कुणी विचारत नाही.

पट्टी बघण्याची रीत

ट्रॅक्टर सपाट जागेवर हवा. बांधाला एक चाक चढवून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरची पट्टी खोटं बोलते. इंजिन बंद करून निदान १०-१५ मिनिटं थांबा, कारण वर गेलेलं ऑईल खाली चेंबरमध्ये यायला वेळ लागतो. सगळ्यात चांगली वेळ सकाळची, सेल्फ मारायच्या आधी. पट्टी ओढली की पहिल्यांदा दिसतं ते धरायचं नाही. पट्टी स्वच्छ फडक्याने पुसा, शेवटपर्यंत आत घाला, परत काढा आणि मग बघा. दोन खुणांच्या मधे ऑईल असेल तर ठीक. वरच्या खुणेपर्यंत रोज भरत बसायची गरज नाही, पण खालच्या खुणेच्या खाली गेलं तर इंजिन चालू करायचं नाही.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवू नका. तो दिवा ऑईल किती आहे हे सांगत नाही, ऑईलचा दाब पडला की लागतो. दाब पडेपर्यंत ऑईल खालच्या खुणेच्या बरंच खाली गेलेलं असतं. चालू कामात तो दिवा लागला तर 'एवढा तास उरकू' म्हणू नका, जागेवर इंजिन बंद करा.

मोटारसायकलचं गणित वेगळं आहे आणि जास्त नाजूक आहे. १०० सीसीच्या गाडीत ऑईल एक लिटरच्या आतबाहेर असतं. त्यातलं ३०० मिली गेलं म्हणजे जवळपास एक तृतीयांश गेलं, आणि अशा बऱ्याच गाड्यांना ऑईलचा दिवाच नसतो. काही गाड्यांच्या माहितीपुस्तकात ६००० किलोमीटरला ऑईल बदल आणि मधे ३००० ला टॉप-अप असं लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक घरात कपाटात पडलेलं असतं. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करा, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि मग बघा. झाकणालाच पट्टी असते त्या बहुतेक गाड्यांत पट्टी पुसून नुसती आत टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. फिरवली तर पट्टी खोल जाते आणि कमी ऑईलही भरपूर दिसतं. काही गाड्यांना पट्टीऐवजी काच असते, तिथे गाडी साइड स्टँडवर असली की अंदाज चुकतो.

टाकताना

झाकण उघडायच्या आधी त्याच्या भोवतीची धूळ पुसा. शेतात हे फार लोक करत नाहीत, आणि चिमूटभर माती इंजिनात गेली की ती बेअरिंगला पॉलिश पेपरसारखी घासते. नरसाळं स्वच्छ हवं, डिझेलचं किंवा औषध फवारणीचं नको. ट्रॅक्टरला एका वेळी पाव ते अर्धा लिटर, मोटारसायकलला ५०-१०० मिली टाका. पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुन्हा बघा, लागलं तर अजून टाका.

'थोडं जास्त असलं तर काय बिघडतं?' असं गॅरेजवर सर्रास ऐकायला मिळतं. बिघडतं. वरच्या खुणेच्या वर ऑईल गेलं की फिरणारा क्रँक त्यात बुडून फेस काढतो. फेसाळ ऑईल बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही, सील गळायला लागतात, ब्रीदरमधून ऑईल वर फेकलं जातं. जास्त पडलं असेल तर चेंबरचा नट ढिला करून जादाचं काढून टाका.

ग्रेडचं बोलायचं तर माहितीपुस्तकात जे लिहिलंय तेच टाकायचं. आजच्या बऱ्याच डिझेल ट्रॅक्टरांना १५डब्ल्यू-४०, जुन्यांना २०डब्ल्यू-४०, छोट्या मोटारसायकलींना १०डब्ल्यू-३० असं साधारण असतं. कंपनी वेगळी पण ग्रेड आणि दर्जा तोच असेल तर अडचणीच्या वेळी मिसळायला हरकत नाही, त्याने इंजिन फुटत नाही. ट्रॅक्टरचं ऑईल मोटारसायकलला मात्र नको. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं बघून घ्यायचं, नाहीतर क्लच घसरू शकतो. गिअरचं ९० नंबर ऑईल, हायड्रॉलिकचं ऑईल, गाळून ठेवलेलं जुनं काळं ऑईल, यातलं काहीही इंजिनात जाऊ देऊ नका. बीएस-६ डिझेल पिकअप असेल तर जास्त सांभाळा. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो आणि चुकीच्या ऑईलची राख त्यात साठून तो चोक होतो.

अजून एक गैरसमज. 'मधेमधे टाकतोच, मग बदलायचं कशाला?' ऑईलमधली काजळी, घासलेल्या धातूचा चुरा आणि संपलेली औषधी द्रव्यं नवीन अर्धा लिटर टाकल्याने नीट होत नाहीत. टाकणं वेगळं, बदलणं वेगळं. फिल्टरसह बदल तासांवर किंवा किलोमीटरवर करायचाच. रंगावर जाऊ नका, डिझेल इंजिनात नवीन ऑईल लवकरच काळं पडतं आणि ते काळं पडणं म्हणजे ते काजळी धरून ठेवायचं आपलं काम करतंय.

जास्त खातंय, तर बिघाड कुठे शोधायचा?

आधी गळती बघा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका, सकाळी थेंब कुठे पडलेत ते दिसेल. चेंबरच्या नटाचा वायसर, फिल्टरची बैठक, टॅपेट कव्हरचं पॅकिंग या तीन जागा स्वस्तात सुटणाऱ्या आहेत. इंजिन आणि क्लचच्या मधून ऑईल टपकत असेल तर क्रँकचा मागचा सील गेला असण्याची शक्यता आहे. तिथलं ऑईल क्लच प्लेटला लागलं की क्लच घसरतो, मग खर्च दुप्पट.

पुठ्ठा कोरडा असेल तर ऑईल जळतंय. धूर निळसर दिसेल. काळा धूर डिझेल नीट न जळल्याचा, त्याचा ऑईलशी संबंध नाही. सकाळी चालू करताना भसकन निळा धूर येऊन थांबतो, तेव्हा संशय व्हॉल्व सीलवर. लोडवर सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून भकभक वाफ, म्हणजे मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते, असेल तर रिंगा किंवा लायनर झिजलेत. टर्बोच्या इंजिनात टर्बोचा सीलही तपासायचा.

रिंगा वेळेआधी झिजण्याचं आपल्याकडचं मोठं कारण धूळ आहे. एअर क्लिनरपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाइप तडकलेला असतो, क्लिप ढिली असते आणि रोटाव्हेटरची माती सरळ सिलेंडरमध्ये जाते. पाइपाला पन्नास वेळा चिकटपट्टी मारण्यापेक्षा तो एकदा बदला. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑईल बाथ एअर क्लिनरमध्ये वाटीवरच्या खुणेपर्यंतच ऑईल भरायचं. जास्त भरलं तर ते हवेबरोबर ओढलं जाऊन जळतं, निळा धूर निघतो आणि नाहक इंजिनवर आळ येतो.

ऑईल वाढलं तर जास्त सावध व्हा

आता ती दुसरी शंका. पट्टीवर ऑईल कमी होत नाही, उलट वर चढतंय, तर आनंद मानू नका. आत डिझेल किंवा पाणी मिसळतंय. पट्टीला नाक लावा, डिझेलचा वास येईल, बोटांत ऑईल पाण्यासारखं पातळ लागेल. फीड पंपाची पडदी किंवा डिझेल पंपाचा सील गेला की असं होतं. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट किंवा लायनरची रबर रिंग गेलीय. दोन्ही प्रकारांत इंजिन चालू करायचं नाही, मिस्त्रीला शेतात बोलवा.

डिझेलने ऑईलची पातळी फार वाढली किंवा टर्बोचा सील फुटला तर कधी कधी इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन सुसाट पळायला लागतं आणि स्टॉप ओढूनही बंद होत नाही. अशा वेळी ट्रॅक्टर उभा असेल आणि समोर माणूस नसेल तर ब्रेक दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन दबून बंद पडू शकतं. हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबूनही ते बंद होतं. हात किंवा फडकं लावू नका, आत ओढलं जातं. आवाज फारच चढला असेल तर इंजिनजवळ थांबू नका, लांब व्हा.

टॉप-अपसाठी लिटरभराचा सीलबंद डबा घरात ठेवा, झाकण घट्ट लावून, सावलीत. विकत घेताना सील बघा आणि पक्कं बिल घ्या. डबा रिकामा झाला की भंगारवाल्याला देण्याआधी त्याला विळ्याने चीर द्या, म्हणजे त्यात बनावट ऑईल भरून कुणी परत विकणार नाही.