सेगा सॅटर्नचे एम्युलेशन

सेगा सॅटर्न हा सेगा या जपानी कंपनीने २२ नोव्हेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेला गेम कन्सोल होय. एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरद्वारे हुबेहूब घडवून आणण्याच्या क्रियेस एम्युलेशन, तर अशा सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. सॅटर्नचा समकालीन स्पर्धक असलेल्या प्लेस्टेशनचे एम्युलेटर १९९९ मध्येच बाजारात विकले जात होते. सॅटर्नचे एम्युलेशन मात्र दीर्घकाळ अवघड मानले गेले.

== अंतर्गत रचना ==

सॅटर्नमध्ये हिताची कंपनीचे एसएच-२ जातीचे दोन मुख्य प्रोसेसर असून त्यांची गती सुमारे २८.६ मेगाहर्ट्झ आहे. चित्रांसाठी व्हीडीपी-१ आणि व्हीडीपी-२ या दोन चिप, ध्वनीसाठी मोटोरोला ६८००० कुळातील प्रोसेसर व यामाहाची ध्वनिचिप, तर सीडीच्या कामासाठी एसएच-१ हा स्वतंत्र प्रोसेसर आहे.

== वेळेचा मेळ ==

प्रोसेसरांची संख्या ही खरी अडचण नव्हे. आजचा साधा संगणकही त्यांच्याहून कितीतरी वेगवान आहे. अडचण आहे ती त्यांच्यातील मेळाची. दोन्ही एसएच-२ मुख्य स्मृतीपर्यंत एकाच सामायिक मार्गाने पोहोचतात. त्यामुळे एकाचे काम चालू असताना दुसऱ्यास थांबावे लागते. प्रत्येकाजवळ ४ किलोबाइटची कॅशे आहे. हवी ती माहिती तेथे असल्यास हे थांबणे टळते. प्रत्यक्ष यंत्रात हे सर्व एकाच वेळी घडते. एम्युलेटर सामान्यतः एका प्रोसेसरचे काही काम करून मग दुसऱ्याकडे वळतो. हा टप्पा लांब ठेवल्यास दुसऱ्या प्रोसेसरच्या संकेताची वाट पाहणारा खेळ अडकून पडू शकतो. फार आखूड ठेवल्यास सतत अदलाबदल करण्यातच संगणकाची शक्ती खर्च होते. संगीताच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक वादक निपुण असूनही सर्वांनी समेवर एकत्र येणे आवश्यक असते.

== चित्रनिर्मिती ==

आधुनिक ग्राफिक्स कार्ड त्रिकोणांच्या आधारे चित्र रचते, तर व्हीडीपी-१ चौकोनांच्या आधारे. शिवाय आधुनिक कार्ड पडद्यावरील प्रत्येक बिंदूसाठी मूळ चित्रातील रंग शोधते. व्हीडीपी-१ उलट मूळ चित्रातील बिंदू घेऊन पडद्यावर मांडत जातो. वाकवलेल्या चौकोनात त्यामुळे एकच बिंदू दोनदा रंगविला जातो आणि अर्धपारदर्शक आकृतीत तेथे नको असलेले ठिपके दिसतात. हा दोषही मूळ खेळाचा भाग असल्याने अचूक एम्युलेटरला तोही दाखवावा लागतो. चौकोनाचे दोन त्रिकोण केल्यास काम वेगाने होते, पण चित्र किंचित वेगळे दिसते. व्हीडीपी-२ पार्श्वभूमीचे थर सांभाळतो व अखेरीस दोन्हींची चित्रे प्राधान्यक्रमाने एकत्र करतो.

== जतनाचा प्रश्न ==

‘पॅन्झर ड्रॅगून सागा’ (१९९८) हा नावाजलेला खेळ अन्य कोणत्याही कन्सोलवर आला नाही. अशा खेळांचे भवितव्य जुन्या यंत्रांवर किंवा एम्युलेटरवरच अवलंबून आहे, आणि जुन्या यंत्रांमधील सीडी वाचणारे भाग झिजत चालले आहेत. सॅटर्नच्या अधिकृत सीडीच्या बाहेरील कडेवर एक विशिष्ट वलय असते. घरगुती सीडी-लेखकाने ते उमटविता येत नाही, म्हणून साधी प्रत मूळ यंत्रावर चालत नाही. एसएसएफ व मेडनाफेन हे एम्युलेटर आज सॅटर्नचे बहुतेक खेळ चालवितात. त्यांपैकी मेडनाफेन अचूकतेस प्राधान्य देतो व त्यासाठी बऱ्यापैकी शक्तिशाली संगणक लागतो.