काशीतील मराठाकालीन घाट : चुना, पाया आणि कार्बनचा हिशेब

काशीत मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट आहे. तिथे पाण्याच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचे मंदिर सुमारे नऊ अंशांनी कललेले दिसते. यात्रेकरू त्याचे फोटो काढतात, नावाडी मातृऋणाची गोष्ट सांगतात. तुम्ही कोणत्याही शाखेचे विद्यार्थी असा, ते मंदिर पाहताना पायाचा विचार करा. कमी कार्बनच्या बांधकामाबद्दल आज आपण जे बोलतो, त्यातला एक विसरलेला मुद्दा तिथे उभा आहे.

१८व्या शतकापर्यंत काशीचे बरेचसे घाट कच्चे होते, म्हणजे नुसते मातीचे उतार. दगडी घाट मुख्यतः त्यानंतरचे, आणि त्यांत मराठ्यांचा वाटा मोठा. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर उभारले, शिवाय घाटही बांधवले. नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांचा राजा घाट, बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधवलेला शिंदे घाट, अशी ही यादी लांबत जाते. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवणारे इतिहासकार अ. स. आळतेकर यांच्या मते तर आधुनिक काशी बऱ्याच अंशी मराठ्यांनीच घडवली. पुस्तके सहसा इथे दातृत्वाचे कौतुक करून पुढे जातात. आपण बांधकामाच्या साहित्याकडे वळू.

दगड चुनारचा. मौर्यकाळातले प्रसिद्ध स्तंभही याच वालुकाश्माचे आहेत. चुनार गंगेच्याच काठी, काशीच्या वरच्या अंगाला असल्यामुळे दगडाची नाव प्रवाहाबरोबर खाली आणता येई. त्या वाहतुकीला जवळजवळ काहीच इंधन लागत नसे. चुन्यासाठी गंगेच्या गाळात सापडणारे कंकर भाजत. कंकरात मातीचा अंश असतो, म्हणून त्याचा चुना ओल्या जागीही घट्ट होतो. त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, घातली की तो आणखी टिकाऊ होतो.

म्हणून हे बांधकाम कार्बनमुक्त होते, असे मात्र लिहू नका. परीक्षेत हे वाक्य मला दरवर्षी भेटते. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली, तर ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीत जळलेल्या लाकडाचा धूर वेगळा. फरक पुढे पडतो. चुना वाळताना आणि नंतरची अनेक वर्षे हवेतून त्याच वायूचा बराच भाग परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. सिमेंटचे काँक्रीटही थोडेफार शोषते, पण आतल्या लोखंडाला त्यामुळे गंज चढतो. तिथे ही क्रिया आपल्याला नकोच असते. आज जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे.

आता पुन्हा शिंदे घाट. दगड तोच, चुनाही तशाच प्रकारचा. पण बांधकाम इतके जड झाले की काठ ते पेलू शकला नाही, असे कारण सांगितले जाते. घाटाचा मोठा भाग खचला आणि पुढे तो नव्याने बांधावा लागला. काशी गंगेच्या वळणाच्या बाहेरच्या काठावर आहे. तिथे प्रवाह किनारा खालून कोरत राहतो. साहित्य कितीही निर्मळ असले, तरी एक काम दोनदा केले की उत्सर्जनही दुसऱ्यांदा होते. म्हणून माझ्या मते हिशेब टनामागे किती कार्बन एवढ्यावर थांबवू नये, तो वापराच्या वर्षामागे मांडावा. अहिल्याबाईंचे मंदिर जवळजवळ अडीचशे वर्षे वापरात आहे. त्या बांधकामाचा कार्बन इतक्या वर्षांत वाटून पाहा.

हाच हिशेब पाडकामालाही लागू होतो. विश्वनाथ धामासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता संपादित करून जागा मोकळी केली गेली आणि नव्या बांधकामात चुनारचा दगड पुन्हा वापरला गेला. मार्ग प्रशस्त झाला, गर्दीची सोय झाली. पण जुन्या भिंतींत एकदा खर्च झालेला कार्बन राडारोड्यात गेला, तर तोही नव्या इमारतीच्या खात्यावर लिहायला हवा. आपल्या अभ्यासक्रमात तो स्तंभच नसतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा सुरखीला पुस्तकात जेमतेम अर्धे पान होते, आणि ते 'ऑप्शनला' टाकायचे असा प्रघात होता. आता तीच कल्पना दुसऱ्या नावाने परतली आहे. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळलेल्या एलसी-३ सिमेंटमध्ये क्लिंकर निम्म्यावर येते आणि उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. दिल्ली, मुंबई आणि मद्रास येथील आयआयटींनी त्यावर काम केले. २०२३ मध्ये त्यासाठी भारतीय मानकही आले, क्रमांक आयएस १८१८९. त्यातली भाजलेली माती जे काम करते, तेच काम काशीच्या घाटांत सुरखी करत होती.